तात्यांची रिक्षा, ५९८ दिवस आणि रोजचे ५० रुपये: एका हुकलेल्या पासिंगचं प्रकरण

आधीच सांगतो, मी आरटीओतला माणूस नाही आणि वकील तर अजिबात नाही. आरटीओच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, दिवसभर लायसन, पासिंग, ट्रान्सफर हेच चालतं. खाली लिहिलंय ते माझ्या एका गिऱ्हाइकाचं प्रकरण. नाव आणि गाव काढून टाकलंय, त्यांना विचारूनच लिहितोय, आपण त्यांना तात्या म्हणू. आकडे मात्र खरे आहेत कारण पावत्या माझ्याच प्रिंटरवर निघाल्यात. यात एक चूक माझीपण आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

तात्या तेव्हा ५६ वर्षांचे, रिक्षा स्वतःची, परमिट स्वतःचं, बॅज जुना. सीएनजी रिक्षा, ऑक्टोबर २०१३ ची नोंदणी. दिवसभर स्टँडवर नंबर लावून, संध्याकाळी दोन शाळकरी मुलींना क्लासवरून घरी सोडून, गॅस आणि चहापाणी वगळता हातात सातशेच्या आसपास राहायचे. घरात काकू, एक मुलगा नोकरीच्या शोधात, मुलगी लग्न होऊन गेलेली.

आता पासिंग म्हणजे काय हे रिक्षावाल्याला सांगायची गरज नाही पण बाकीच्यांसाठी सांगतो. भाड्याने चालणाऱ्या म्हणजे पिवळ्या किंवा काळ्या पाटीच्या गाडीला आरटीओकडून योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, फॉर्म ३८ वर मिळतं ते, सगळे त्याला पासिंग किंवा फिटनेस म्हणतात. खाजगी कारला हा ताप पहिल्यांदा येतो तो पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करताना, रिक्षा टेम्पोला सारखा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे हे प्रमाणपत्र नसेल तर त्या गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे कागदोपत्री तुमची गाडी बिनानंबरची. बऱ्याच जणांना वाटतं पासिंग संपलं म्हणजे फार तर पीयूसी संपल्यासारखं आहे, तसं नाहीये ते.

किती दिवसांनी करायचं, इथेच तात्या फसले. पूर्वी नव्या गाडीला पहिल्यांदा दोन वर्षं आणि मग दरवर्षी असं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलला, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ ओलांडली की दरवर्षी. तात्यांनी ऑक्टोबर २०१९ ला पासिंग केलं, गाडी सहा वर्षांची होती, दोन वर्षांचं मिळालं. छान वाटलं त्यांना, वर्षाची कटकट गेली म्हणून. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा केलं. तोवर गाडीला आठ वर्षं होऊन गेली होती त्यामुळे यावेळी एकच वर्ष मिळालं, १४ ऑक्टोबर २०२२ पर्यंत. कागदावर छापलेलं होतं. तात्यांनी कागद बघितला, शिक्का बघितला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टपाच्या वरच्या खणात ठेवून दिला. तारीख वाचलीच नाही, मागच्या वेळी दोन वर्षं होतं म्हणजे आताही दोनच असणार.

अडचण कधी कळली

पूर्ण एक वर्षाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये तात्या नेहमीप्रमाणे "दोन वर्षं झाली, पासिंगचं बघा" म्हणून दुकानात आले आणि मी नंबर टाकला तर फिटनेस संपून वर्ष झालेलं. ते म्हणाले तुमचा कॉम्प्युटर चुकतोय. मग पिशवीतला कागद काढला, चष्मा लावला आणि गप्प बसले.

मधल्या वर्षात कुणी अडवलं कसं नाही असं तुम्ही विचाराल. शहरातल्या शहरात, ठरलेल्या स्टँडवर, पांढरे केस असलेल्या रिक्षावाल्याचे कागद कोण सारखे बघतं. इन्शुरन्स रिन्यू झाला होता, त्या एजंटने पासिंगचं विचारलं नाही. परिवहनच्या रेकॉर्डला जो मोबाईल नंबर होता तो शोरूमवाल्याने २०१३ मध्ये टाकलेला, कुणाचा होता देव जाणे, त्यामुळे आठवणीचा मेसेज आला असेल तरी तो दुसऱ्याच कुणाला तरी गेला.

आता माझी चूक. त्या दिवशी मी तात्यांना म्हणालो की काळजी करू नका, उशीर झाला तरी रोजच्या दंडाला कोर्टाचा स्टे आहे. हे तेव्हा खरं होतं. पण मी ते ज्या सुरात बोललो त्यातून तात्यांनी अर्थ काढला की घाई नाही. गाडीचं काम निघालं होतं, टपाचं कापड फाटलेलं, रंग उडालेला, सीएनजीच्या सिलिंडरचं टेस्टिंग तीन वर्षांनी करावं लागतं तेही आलेलं, एक टायर गुळगुळीत. गॅरेजवाल्याने साडेअकरा हजार सांगितले. दिवाळी तोंडावर, मुलीकडे पहिली दिवाळी करायची होती. तात्या म्हणाले दिवाळी होऊ दे. मग म्हणाले संक्रांत होऊ दे. असं करत उन्हाळा आला.

५० रुपयांचं मागचं प्रकरण

हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून थोडं मागे जातो. २९ डिसेंबर २०१६ ला केंद्राने मोटार वाहन नियमांत फीचे दर वाढवले, त्यात एक ओळ अशी होती की फिटनेस संपल्यानंतर जितके दिवस उशीर तितक्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा फी. रिक्षाला ५०, ट्रकला ५०, सगळ्यांना सारखेच. रिक्षाची पासिंगची तेव्हाची मूळ फी बघा, तपासणीचे ४०० आणि प्रमाणपत्राचे २०० असे ६०० रुपये. म्हणजे बारा दिवस उशीर झाला की जादा फी मूळ फीच्या बरोबरीला येते आणि वर्षभराचे अठरा हजार अडीचशे होतात. ट्रकवाल्याचं आणि रिक्षावाल्याचं उत्पन्न एकच धरल्यासारखं आहे हे, माझं स्पष्ट मत आहे की हा नियम लिहिणारा कधी स्टँडवर उभा राहिला नसावा.

याला मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं गेलं आणि केस चालू असेपर्यंत महाराष्ट्रात वसुली थांबली. इतकी वर्षं थांबली की लोक विसरूनच गेले असा काही नियम आहे. एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळली. आणि मे महिन्यात परिवहन खात्याने सगळ्या आरटीओंना वसुली सुरू करायला सांगितलं. ज्याचं पासिंग ज्या दिवशी संपलं त्या दिवसापासूनचे पन्नास पन्नास धरून.

ही बातमी मला कळली ती पोर्टलवर एका टेम्पोवाल्याची फी भरताना. आकडा बघून मला वाटलं साइट हँग झाली.

तात्यांसमोर आलेला आकडा

३ जून २०२४, सोमवार. तात्या गॅरेजवाल्याशी उधारीचं बोलून आले होते, या आठवड्यात काम करून टाकतो, तुम्ही पावती काढून ठेवा म्हणाले. मी नंबर टाकला. १४ ऑक्टोबर २०२२ पासून ५९८ दिवस, गुणिले ५०, म्हणजे २९,९०० रुपये. वर मूळ फी ६०० वेगळी. तात्यांच्या खात्यात त्या दिवशी नऊ हजार होते.

पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते असं, "अहो मग रिक्षा तुम्हीच घ्या की."

काय काय करता येत होतं

त्या दिवशी दुकानातच बाकावर बसून आम्ही बोललो, सोबत स्टँडवरचे अजून दोघे होते आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

एक म्हणाला तसंच चालवा, इतके दिवस चालवलीच की. हे मी सरळ नाही म्हणालो. एक तर त्या दिवसांत चेकिंग वाढलं होतं. कायद्यात बिनानोंदणी गाडी चालवण्याचा जो दंड आहे, कलम १९२, तोच इथे लागतो, पहिल्या वेळी दोन ते पाच हजार, पुन्हा सापडलात तर पाच ते दहा हजार आणि कैदेचीही तरतूद आहे. पण खरी भीती दंडाची नव्हतीच. अपघात झाला आणि गाडीला फिटनेस नाही हे दिसलं की इन्शुरन्स कंपनी हात वर करायला बघते, आणि मग जखमी माणसाची भरपाई मालकाच्या मानगुटीवर बसू शकते. तात्यांच्या रिक्षात संध्याकाळी दोन पोरी बसतात. हे म्हटल्यावर तात्यांनी स्वतःच किल्ली खिशात टाकली. त्यांचं मला कौतुक वाटतं, कारण त्या महिन्यात पासिंग नसलेल्या कितीतरी रिक्षा रस्त्यावर धावत होत्याच.

दुसरा पर्याय, सोनं गहाण ठेवायचं आणि लगेच भरून मोकळं व्हायचं. काकूंच्या दोन बांगड्या होत्या. तात्या तयार नव्हते, म्हणाले त्या बांगड्या पोराच्या लग्नासाठी राखलेल्या.

तिसरा, रिक्षा उभी करायची आणि थांबायचं. संघटनांचे मोर्चे सुरू झालेले, पुणे, मुंबई, कोल्हापूर सगळीकडे. दुसऱ्याच दिवशी लोकसभेचा निकाल होता. स्टँडवरचा हिशोब असा की निकाल लागला, आचारसंहिता उठली की सरकार मोकळं होणार आणि तीन-चार महिन्यांत विधानसभा, रिक्षावाल्यांना कोण नाराज करेल. हा अंदाज, मी नंतर बघितलं, अगदी बरोबर होता. फक्त तारीख कुणालाच माहीत नव्हती.

चौथा, विकून टाकायची. एका दलालाने चाळीस हजार सांगितले पण थकलेली फी गाडीवर तशीच राहणार म्हणून तो ते वजा करून दहाच हातात देणार होता. आणि एक एजंट म्हणाला मागच्या तारखेने नॉन-यूज दाखवून देतो, गाडी बंद होती असं. तो अर्ज टॅक्सच्या कामाचा असतो आणि आधी द्यायचा असतो, पासिंगच्या उशिराला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय गाडी चालू होती हे आख्ख्या चौकाला माहीत. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

तिसरा पर्याय ठरला. थांबायचं.

आता इथे जरा थांबून बघा, कारण माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली नाही, ती इथे झाली. थांबायचं ठरलं पण किती दिवस ते ठरलंच नाही. आणि थांबेपर्यंत खायचं काय हेही नाही. आम्ही चार माणसं दीड तास बोललो आणि सगळं बोलणं त्या २९,९०० भोवती. उभी रिक्षा रोज किती खाते हे कुणी मोजलं नाही. रोजचे सातशे बुडत होते आणि वर मीटर पडतच होतं पन्नासचं. म्हणजे तात्यांचा रोजचा खरा भुर्दंड साडेसातशे होता, पण सगळे पन्नासलाच शिव्या घालत बसलो.

मग काय झालं

पहिले दहा दिवस आशेवर गेले. निकाल लागला, आचारसंहिता उठली, काही झालं नाही. तात्या एका मोर्चाला जाऊन आले, उन्हात घसा बसवून घेतला. गॅरेजवाल्याने उधारीवर काम करून दिलं, टप नवा, रंग नवा, सिलिंडर टेस्ट झाला. रिक्षा घरासमोर नव्या नवरीसारखी उभी आणि तात्या ओट्यावर बसून तिच्याकडे बघतायत, असं काकूंनी मला सांगितलं तेव्हा हसू पण येईना.

शाळा १५ जूनला सुरू झाल्या. क्लासवाल्या दोन मुलींच्या घरच्यांनी दोन दिवस वाट बघितली आणि दुसरा रिक्षावाला लावला. महिन्याचे बाराशे-बाराशे गेले ते गेलेच, हे नुकसान मी खालच्या हिशोबात धरलेलंही नाही.

१८ जूनच्या आसपास तात्यांचा पुतण्या म्हणाला, काका माझी गाडी रात्री रिकामी असते, मला तीनशे द्या आणि चालवा. तात्यांकडे लायसन, बॅज सगळं होतंच. तीनशे देऊन हातात चारशे राहायला लागले. नऊ दिवस त्यांनी ती चालवली. रात्रीची सवय नव्हती, एसटी स्टँडवर दीड-दोन वाजेपर्यंत बसायचं, पाठ धरली. नवव्या दिवशी काकूंनीच बांगड्या काढून त्यांच्या हातात ठेवल्या. म्हणाल्या, पोराचं लग्न ठरलंय कुठे अजून.

२७ जून, गुरुवार. तात्या बँकेतून सोनेतारण करून थेट दुकानात आले. आकडा आता ६२२ दिवस, ३१,१०० रुपये, अधिक ६००. मी तात्यांना विचारलं, आजच भरायचे का? अधिवेशन आजच सुरू होतंय मुंबईत, काहीतरी निघेल कदाचित. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, कदाचितवर चोवीस दिवस काढले." मी बटण दाबलं.

तपासणीचा स्लॉट १ जुलैचा मिळाला.

पासिंगचा दिवस

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण दंड भरूनही गाडी नापास होऊ शकते हे लोकांना लक्षात येत नाही. ट्रॅक शहराबाहेर. हायकोर्टाच्या एका वेगळ्या आदेशानंतर ब्रेक टेस्टसाठी २५० मीटरचा ट्रॅक लागतो, तो गावात कुठून मिळणार, म्हणून बऱ्याच ठिकाणी पासिंग असं गावाबाहेर गेलंय. सकाळी आठला रांग लागते. इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, सिलिंडरचा दाखला, पर्यावरण कराची पावती, एवढं फाईलला लावून न्यायचं. आठ वर्षांवरच्या भाड्याच्या गाडीला पर्यावरण कर असतो, तो तात्यांनी भरलेला होता, सुदैवाने.

इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबर ताडला, हेडलाइट, हॉर्न, वायपर, मीटरचं सील बघितलं, मग ट्रॅकवर पळवून ब्रेक मारायला लावला. ब्रेक झकास लागला. आणि मागचा डावा इंडिकेटर लागेना. शिवाय रंग नवा मारताना गॅरेजवाल्याने रिफ्लेक्टरची पट्टी काढली होती ती परत लावलीच नव्हती. साडेअकरा हजारांचं काम करून ऐंशी रुपयांच्या पट्टीवर अडलं. उद्या या म्हणाले.

साहेबांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे आणि रात्री मागून येणाऱ्या ट्रकला तीच पट्टी दिसते. पण एक दिवस अजून गेला. २ जुलैला पट्टी, बल्ब सगळं करून परत नेली आणि पासिंग झालं. कागद हातात आल्यावर तात्यांनी आधी तारीख वाचली, मोठ्याने. १ जुलै २०२५.

आणि नऊ-दहा दिवसांनी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, अधिवेशन संपत असताना, सरकारने त्या रोजच्या ५० रुपयांना स्थगिती जाहीर केली.

स्टँडवर पेढे वाटले. तात्यांनी पेढा घेतला, खाल्ला नाही. दुकानात येऊन बसले, पावती काढली, म्हणाले हे परत मिळतील का. मी म्हणालो बघतो. अर्ज केला आम्ही, पोच घेतली. संघटनेच्या लोकांनीही दिला.

हिशोब

यावर स्टँडवर जे बोललं गेलं ते असं की तात्या घाई करून बसले, अजून पंधरा दिवस कळ काढली असती तर एकतीस हजार वाचले असते. ऐकायला बरोबर वाटतं. म्हणून एका रविवारी मी आणि तात्या कागद पेन घेऊन बसलो. गॅरेजचा खर्च सगळीकडे सारखाच म्हणून तो बाजूला ठेवला.

जे झालं ते असं, ३ जून ते २ जुलै २९ दिवस स्वतःची रिक्षा बंद, सातशेने २०,३०० बुडाले, त्यातून पुतण्याच्या रिक्षाचे नऊ दिवसांचे ३,६०० कमावले ते वजा. राहिले १६,७००. अधिक जादा फी ३१,१००. एकूण ४७,८००, वर सोनेतारणाचं व्याज.

पहिल्याच दिवशी सोनं ठेवून भरलं असतं तर? गॅरेज आणि स्लॉट धरून नऊ दिवस गेले असते, ६,३०० बुडाले असते, फी साधारण तीस हजार. म्हणजे ३६,३००. साडेअकरा हजारांनी स्वस्त, आणि क्लासच्या मुलीही राहिल्या असत्या कारण शाळा सुरू व्हायच्या आधीच रिक्षा रस्त्यावर आली असती.

आणि स्टँडवाले म्हणतात तसं शेवटपर्यंत थांबले असते तर? घोषणा झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी पोर्टलवरून आकडा जातो असं नसतं, मग स्लॉट, म्हणून १८ जुलै धरू. ४५ दिवस, ३१,५०० बुडाले असते. एवढे दिवस पोटाला चिमटा काढून हाती वाचले किती, तर पहिल्या दिवशी भरण्यापेक्षा ४,८०० कमी. हे बघून तात्या जरा सैलावले. ज्यांनी रिक्षा उभी करून वाट बघितली त्यांनी ५० रुपये भरले नाहीत एवढंच, जवळजवळ तेवढेच पैसे दुसऱ्या खिशातून गेले.

मग शेवटचा हिशोब मांडला आणि त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. पुतण्याची रिक्षा पहिल्या दिवसापासून घेतली असती, आणि थांबले असते, तर रोजचं नुकसान सातशे नाही तर तीनशे. ४५ दिवसांचे १३,५००. बस. पुतण्या तिथेच होता, रिक्षा तिथेच होती, बॅज खिशात होता. पंधरा दिवस कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

स्थगिती येणार हे आधी कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे ती धरून कुणाला शहाणं किंवा मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. पण ३ जूनला, तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच, एक साधा भागाकार करता आला असता. फी तीस हजार भागिले रोजचे बुडणारे सातशे, उत्तर ४३ दिवस. म्हणजे ४३ दिवसांच्या आत माफी येईल अशी खात्री असेल तरच रिकामं थांबण्यात काही फायदा, नाहीतर भरून टाकलेलं बरं. दुसऱ्याची गाडी चालवत थांबलात तर तेच उत्तर शंभर दिवस होतं, मग विधानसभेच्या हिशोबावर थांबणं खरंच शहाणपणाचं ठरतं. तात्यांनी यातलं अर्धं हे केलं आणि अर्धं ते. चोवीस दिवस थांबण्याचा खर्चही सोसला आणि फीही भरली. ही बोलून दाखवायची गोष्ट नाही पण माझ्यासमोर घडली आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो.

ऑक्टोबर २०२३ चा निर्णय मला जास्त टोचतो. तेव्हा ६०० रुपये फी आणि गॅरेजचा खर्च, एवढ्यात सुटलं असतं सगळं. स्टे म्हणजे माफी नव्हे हे मला माहीत होतं. कोर्टाचा स्टे उठतो तेव्हा मधल्या काळाचं सगळं एकदम अंगावर येऊ शकतं, व्याजाने घेतलेल्या पैशासारखं. मी "स्टे आहे" म्हणालो, "स्टे कधीही उठू शकतो" हे म्हणालो नाही. आता माझ्या दुकानात कुणी आलं की दुसरं वाक्य आधी म्हणतो.

गॅरेजचं काम साडेअकरा हजारांचं होतं म्हणून पासिंग लांबलं हेही पूर्ण खरं नाही. पासिंगला लागणारं काम वेगळं आणि गाडी छान दिसायला लागणारं काम वेगळं. टायर, सिलिंडर, दिवे, फाटका टप, एवढ्याचे सहा-सात हजार झाले असते. रंग नंतर मारला असता तरी चाललं असतं. गॅरेजवाला पूर्ण यादी देतो, त्यातलं काय आजच लागतं हे आपण विचारायचं असतं. तात्यांनी विचारलं नाही, मी पण नाही.

आणि मोबाईल नंबर. परिवहनच्या साइटवर गाडीला जोडलेला नंबर बदलता येतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस कधी संपतंय ते समोर दिसतं. हे तात्यांना मी कधीच दाखवलं नव्हतं कारण त्यांच्याकडे साधा फोन, पण त्यांच्या पोराकडे स्मार्टफोन होता की. आता त्याच्या फोनमध्ये ॲप आहे आणि रेकॉर्डलाही त्याचाच नंबर लावलाय.

सध्या

क्लासच्या मुलींपैकी एक परत आली, दुसरी नाही. बांगड्या मार्चमध्ये सुटल्या. जून २०२५ मध्ये तात्या मुदत संपायच्या तीन आठवडे आधीच आले, सोबत फाईल, नवीन रिफ्लेक्टर पट्टी आधीच लावलेली, दोन जादा बल्ब खिशात. पासिंग एका फेरीत झालं.

मीटरच्या वर आतल्या बाजूला त्यांनी पेंटरकडून पांढऱ्या अक्षरात पासिंगची तारीख लिहून घेतलीय, देवाच्या फोटोच्या खाली. पॅसेंजर विचारतात काका ही कसली तारीख, वाढदिवस का. तात्या हो म्हणतात.

३१,१०० ची पावती अजून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. तिची शाई उडायला लागली म्हणून मागच्या महिन्यात झेरॉक्स काढून नेली. परताव्याचं काही आलं का म्हणून दर दोन महिन्यांनी विचारून जातात. मी पोचपावतीचा नंबर काढतो, बघतो, अजून नाही म्हणतो, आणि ते झेरॉक्सचे दोन रुपये ठेवून जातात, मी नको म्हटलं तरी.